पप्पांचा आकडा

बुधवार पेठेतल्या दुकानदाराने पत्त्यांचे सहा कॅट काउंटरवर ठेवले. मग त्याने पूर्वाकडे आणि तिच्यासोबत आलेल्या ऋषीकडे नीट पाहून घेतलं.

"मंगल कार्यालयाची ऑर्डर आहे का?"

"नाही, घरीच खेळायचंय," पूर्वा म्हणाली.

"मग घर मोठं दिसतंय," तो म्हणाला, आणि सुटे नसतील तर उद्या या, असं सांगून त्याने नोट परत ढकलली.

ऋषीने खिसे चाचपून सुटे काढले. दोन हजार नऊचा उन्हाळा होता, मंदीचा. ही दोघं हिंजवडीतल्या एकाच कंपनीत होती आणि दोघंही बेंचवर होती. अमेरिकेतलं काम बंद पडलं होतं, दुसरं मिळालेलं नव्हतं, आणि पगार चालू आहे तोवर रोज सकाळी कंपनीच्या बसने जाऊन रिकामं बसायचं. शुक्रवारी एचआरकडून कुणाला तरी बोलावणं यायचं. तो माणूस परत येऊन ड्रॉवरमधला कप आणि मुलांचा फोटो पिशवीत भरायचा, आणि बाकीचे आपापल्या स्क्रीनमध्ये डोकं घालून बसायचे. निरोप कसा द्यायचा हे कुणाला कळायचं नाही.

ऋषी वर्षभर अमेरिकेत राहून आला होता. तिथले त्याचे रूममेट शनिवार-रविवार कॅसिनोत जायचे. ब्लॅकजॅक नावाचा एकवीसचा खेळ असतो आणि त्यात गेलेले पत्ते ध्यानात ठेवले तर थोडा काळ का होईना पारडं आपल्याकडे झुकतं, हे त्याला तिथे कळलं होतं. गोव्याला मांडवीत बोटींवर तसेच कॅसिनो आहेत, हेही त्याने शोधून काढलं होतं.

"सोपं आहे," त्याने कँटीनमध्ये सांगितलं होतं. "दुर्रीपासून छक्कीपर्यंतचा पत्ता दिसला की एक मिळवायचा. दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का दिसला की एक वजा करायचा. मधल्या सत्ती, अठ्ठी, नव्वीकडे बघायचंच नाही. आकडा वर चढला म्हणजे मोठे पत्ते अजून यायचेत. तेव्हा जोरात लावायचं. बाकी वेळ चिल्लर."

पूर्वाला पैशांची नड नव्हती. पण नोकरीला लागल्यापासून जे सांगितलं ते तिने केलं होतं, आणि आता तिचं काय चुकलं हे सांगायला कुणी तयार नव्हतं. या खेळात निदान काय बघायचं ते तरी ठरलेलं होतं.

कोथरूडला ऋषीच्या घरी त्याची आई दिवसभर असायची, म्हणून सराव वारज्याला पूर्वाकडे सुरू झाला. पूर्वाची आई चंपा हिने पहिल्याच दिवशी बजावलं, "हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आहे, बाबासाहेबांचा फोटो आहे. तिथं पत्ते नकोत. आतल्या खोलीत बसा, आणि पप्पांना दिसू देऊ नका."

पप्पा, म्हणजे ज्ञानदेव गायकवाड, सरकारी सांख्यिकी कार्यालयातून निवृत्त झाले होते. इंदापूरकडच्या खेड्यातून शिकत शिकत आलेला माणूस. मुलीचे नव्व्याण्णव मार्क पाहून "एक कुठे गेला?" एवढंच विचारणारा. त्यांच्या घरात दारू तर नव्हतीच, पण दिवाळीतही कधी पत्त्यांना हात लागला नव्हता. गावात त्यांच्या चुलत्यांनी पत्त्यांपायी काय काय घालवलं, याचं तोंडाने नाव काढायचीही बंदी होती.

ऋषी पत्ते वाटायचा, पूर्वा मोजायची. ती बऱ्यापैकी मोजायची. ऋषी स्वतः मोजायला बसला की मध्येच काहीतरी बोलायचा आणि आकडा हरवून बसायचा. पण बापाचे पैसे उडवणारा गिऱ्हाईक म्हणून त्याचं सोंग झकास होतं. अमेरिकेतल्या रूममेटांच्या मते एकट्याने जाण्यात अर्थ नव्हता. आकडा चढला की आपली रक्कम वाढवणारा माणूस लगेच नजरेत भरतो. त्यापेक्षा एकाने टेबलावर बसून चिल्लर लावत नुसतं मोजायचं, आणि खूण केली की दुसऱ्याने फिरत फिरत येऊन मोठा डाव लावायचा. त्यासाठी न चुकणारा आणि कुणालाही संशय येणार नाही असा मोजणारा हवा होता.

एका रविवारी दुपारी दार उघडलं आणि पप्पा आत आले. गादीवर पत्ते पसरलेले. ऋषी उभाच राहिला.

"हे काय चाललंय?"

पूर्वाने खरं ते सांगितलं. खोटं बोलायला तिला सुचलंच नाही. पप्पांनी सगळं ऐकून घेतलं, खुर्ची ओढली आणि बसले.

"परत वाट."

ऋषीने घाईघाईत कॅट पिसला, एक पत्ता न बघता बाजूला उपडा ठेवला आणि बाकीचे एकेक करून टाकत गेला. पूर्ण कॅटची बेरीज शून्य यायला हवी. शेवटी जेवढा फरक राहील त्यावरून बाजूचा पत्ता लहान की मोठा हे कळतं.

"अधिक एक उरला," पप्पा म्हणाले. "म्हणजे ठेवलाय तो मोठा."

ऋषीने पत्ता उलटला. किलवरचा राजा होता.

"काका, तुम्ही आमच्याबरोबर चला," ऋषी म्हणाला. तो गंमतीतच म्हणाला होता.

"बघू," पप्पा म्हणाले.

तिथून पुढचे काही आठवडे पूर्वाला कायम लक्षात राहिले. ती ऑफिसातून येईपर्यंत पप्पा चहा घेऊन, चष्मा पुसून तयार असायचे. ती पत्ते टाकायची आणि मुद्दाम मध्ये मध्ये बोलायची. भाजी काय आणली, लाइटबिल भरलं का, शेजारच्या गुप्तेंच्या मुलीचं जमलं का. पप्पा नीट उत्तरं द्यायचे आणि शेवटी आकडा बरोबर सांगायचे. एकदा त्यांनी तिलाच मोजायला बसवलं. ती चुकली. ते रागावले नाहीत. "राणी आली तेव्हा तू खिडकीकडे बघितलंस," म्हणाले आणि हसले. तिच्या आठवणीत ते असे समोर बसून कधी हसलेच नव्हते.

खूण त्यांनी स्वतःच सुचवली. आकडा चढला की चष्मा काढून रुमालाने पुसायचा. "म्हातारा माणूस चष्मा पुसतो, त्यात कोण काय बघणार?"

चंपा मात्र धुमसत होती. "सकाळी बुद्धवंदना म्हणायची आणि संध्याकाळी हे," ती स्वयंपाकघरातून ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची. पण ती थांबवत नव्हती. ती का थांबवत नाही, हा प्रश्न पूर्वाला तेव्हा पडला नाही.

गोव्याच्या बसची तिकिटं काढून झाल्यावर ऋषीने रंगीत तालीम ठरवली. त्याचे आईवडील लग्नाला परगावी गेले होते. कोथरूडच्या त्याच्या फ्लॅटमध्ये त्याने ऑफिसातल्या दोघांना बोलावलं. म्युझिक सिस्टिम मोठ्याने लावली, कॅरमच्या सोंगट्या चिप्स म्हणून वाटल्या. कॅसिनोत गोंगाट असतो, तो आधी अंगवळणी पडायला हवा.

पप्पा डायनिंग टेबलाशी बसले. थोड्या वेळाने त्यांनी चष्मा काढून पुसला. ऋषी झोकांड्या खात आला आणि मूठभर सोंगट्या लावल्या. हरला. पुन्हा लावल्या, पुन्हा हरला. पूर्वा भिंतीशी उभी राहून मोजत होती. तिच्या हिशोबाने आकडा उणे सात होता. मोठे पत्ते केव्हाच निघून गेले होते.

"पप्पा, किती आहे?"

"अधिक अकरा."

पत्ते मोजून पाहिले. पूर्वाचा आकडा बरोबर होता.

"गाण्याचा आवाज फार आहे," ऋषी म्हणाला. "होतं असं. परत घेऊ."

दुसऱ्या खेपेला पप्पांनी चष्मा पुसलाच नाही. ते समोरच्या पत्त्याकडे बघत राहिले. डाव थांबला तरी त्यांना कळलं नाही. पूर्वा जवळ गेली तेव्हा त्यांनी तिचा हात धरला आणि बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं, "हिचं काय करायचं असतं?"

बदामची राणी होती.

"एक वजा, पप्पा."

"हां. एक वजा," ते म्हणाले. मग मोठ्याने, "डोकं दुखतंय. बास आज."

 घरी आल्यावर पप्पा झोपायच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. पूर्वा स्वयंपाकघरात गेली. तिने काही विचारायच्या आत चंपानेच गॅस बंद केला.

"चुकले ना?"

"तुला कसं कळलं?"

"वर्ष झालं," चंपा म्हणाली. "बँकेत सही जुळली नाही, तिथनं सुरुवात. तीनदा केली, तीन तऱ्हेची झाली. घरी आले आणि जेवले नाहीत. मग किल्ली कुठं, पाकीट कुठं. एकदा मला विचारलं, आपली पूर्वा कितवीला आहे? आणि लगेच म्हणाले, गंमत केली."

"मला का नाही सांगितलं?"

"त्यांनी शपथ घातली होती. पोरीला कळता कामा नये. डॉक्टरकडं चला म्हटलं तर ओरडायचे. मग तुमचं हे पत्त्यांचं निघालं. रोज पहाटे उठून एकटे मोजत बसतात. बरोबर आलं की दिवसभर माणूस खुशीत. नाही आलं की परत मोजतात, परत मोजतात. मी काय थांबवू? वर्षभरात तेवढीच एक गोष्ट त्यांनी आपणहून केली."

पूर्वा ओट्याला टेकून उभी राहिली. त्या हसण्याचे सगळे दिवस तिला आठवले. त्या दिवसांत आपल्याला बाप सापडला असं तिला वाटत होतं. तो मात्र समोर बसून आपलं डोकं शाबूत आहे का ते तपासत होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या बसमध्ये तिने ऋषीला सांगितलं. 

"सॉरी यार. पण मग काकांना नाही नेता येणार. त्यांच्या खुणेवर मी पैसे लावू शकत नाही."

"लावू नकोस. माझ्या खुणेवर लाव. मी त्यांच्या मागे उभी राहून मोजीन. कानातल्याला हात लावला की ये."

"आणि ते चष्मा पुसतील तेव्हा?"

"बघायचंच नाही तिकडे."

"पूर्वा, हे बरोबर नाही."

"त्यांना नको म्हणणं बरोबर आहे का?"

ऋषी शेवटी हो म्हणाला. घरी चंपाने नवऱ्याशी वेगळाच सौदा केला होता. गोव्याला जा, मी आडवी येत नाही, पण परत आल्यावर डॉक्टरकडे यायचं. पप्पांनी मान्य केलं. "तिथं सगळं व्यवस्थित झालं तर डॉक्टरचीच गरज पडायची नाही," ते म्हणाले. जाताना त्यांनी पांढरा शर्ट स्वतः इस्त्री केला.

वारज्याच्या पुलाखाली बस यायची होती. ऋषी विनोद करत होता. पप्पा मात्र त्याला सोडून पूर्वालाच पुन्हा पुन्हा विचारत होते, "दुर्री ते छक्की अधिक, बरोबर?" "बरोबर, पप्पा." "दश्शी ते एक्का उणे." "हो."

पणजीच्या धक्क्यावरून छोट्या होडीने बोटीवर नेलं. आत खिडक्या नव्हत्या. थंडगार हवा, गाणं, नाण्यांच्या यंत्रांचा सततचा किणकिणाट, आणि ट्रे घेऊन फिरणाऱ्या मुली. पप्पा जरा दबकले. मग त्यांनी शर्टाची बाही सारखी केली आणि ठरल्याप्रमाणे टेबलाच्या टोकाच्या खुर्चीवर बसले. सगळ्यात लहान चिप पुढे सरकवली. पूर्वा त्यांच्या मागे उभी राहिली. ऋषी लांब, बाटलीतलं पाणी ग्लासात घेऊन मोठमोठ्याने हसत फिरत होता.

पूर्वा मोजत होती. घरच्यापेक्षा इथे पत्ते फार भराभर पडत होते. पत्ते वाटणारी मुलगी एका हाताने पत्ते उचलायची तोवर दुसऱ्याने नवे टाकायची. ट्रेवाल्या मुलीने मध्येच येऊन विचारलं, मॅडम, ज्यूस? पूर्वाने मान हलवली आणि पुन्हा टेबलाकडे पाहिलं. उणे दोन. उणे दोनच असणार.

पप्पांनी चष्मा काढला. खिशातून रुमाल काढला आणि काचा सावकाश पुसल्या.

ऋषी त्यांच्या समोरूनच गेला. त्याची नजर त्यांच्या खांद्यावरून मागे, पूर्वाच्या कानाकडे गेली. तिचा हात खालीच होता. तो पुढे निघून गेला.

पप्पांनी चष्मा घातला. परत काढला, परत पुसला. या खेपेला ऋषी जवळ आल्यावर त्यांनी त्याच्या नजरेमागोमाग मान वळवली. मागे पूर्वा उभी होती आणि तिचे ओठ हलत होते.

ते समोर तोंड करून बसले, आणि त्यांच्या हातून चिप पुढे सरकली. त्याच डावापासून टेबलावर राजे आणि एक्के येऊ लागले. सगळ्यांनाच. शेजारच्या गुजराती माणसाने टाळी वाजवली. पप्पांना एक्का आणि गुलाम एकदम आले, एकवीस. मुलीने त्यांच्यापुढे चिप्स ठेवल्या. पुढच्या डावातही तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. पूर्वाच्या लक्षात आलं. ज्यूसच्या वेळी एक अख्खा डाव तिच्या नजरेतून सुटला होता. कदाचित त्याच्या आधीही एखादा.

पप्पा उठले. चिप्स मुठीत घेऊन जिन्याने वरच्या डेकवर गेले. पूर्वा मागोमाग गेली. वर मोकळी हवा होती, नदीचा वास येत होता आणि पलीकडच्या रस्त्यावरून गाड्या जात होत्या.

"तुझा आकडा किती होता?" पप्पांनी तिच्याकडे न बघता विचारलं.

"उणे दोन."

"माझा अधिक नऊ." ते थोडं थांबले. "कोणाचा बरोबर?"

"तुमचा."

"पूर्वा, मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस."

"खरंच सांगतेय. माझा एक डाव सुटला. नंतर बघितलंत ना तुम्ही, किती मोठे पत्ते आले? तुम्हाला एकवीस लागले."

पप्पांनी तिच्याकडे वळून पाहिलं. ते आठवायचा प्रयत्न करत होते. तिला ते दिसत होतं. कपाळावर आठी चढली, ओठ किंचित उघडले, आणि मग काहीच आलं नाही.

"लागले?" ते म्हणाले. त्यांनी मूठ उघडून चिप्सकडे पाहिलं. "मला आठवत नाही गं."

"लागले, पप्पा. ऋषीला विचारा."

"ऋषीला कशाला विचारू? तो तुझ्याकडेच बघत होता." आवाजात राग नव्हता. "तू मला सांगायला हवं होतंस. मी घरी बसलो असतो."

तिला बोलायचं होतं. तुम्ही बरोबर होतात, या बोटीवर आम्हा तिघांत तुम्ही एकटेच बरोबर होतात, असं शंभरदा सांगायचं होतं. पण आदल्या आठवड्यात रोज संध्याकाळी तिने त्यांना सांगितलं होतं की त्यांच्या खुणेवरच सगळं अवलंबून आहे. तोच आवाज, तेच तोंड. त्यावर आता त्यांनी का विश्वास ठेवावा, याचं कारण तिला सापडेना.

"चल," ते म्हणाले. "थंडी वाजतेय."

परतीच्या बसमध्ये ऋषी मागच्या सीटवर झोपला. त्याने पुढे ना नफा ना तोटा असं काहीतरी सांगितलं, पण ते कुणी ऐकलं नाही. पुण्यात आल्यावर पप्पांनी पत्ते मागितले नाहीत. पहाटे उठणंही बंद केलं. चंपा म्हणाली, आता ते भिंतीकडे तोंड करून पडून असतात, मी उठेपर्यंत.

पावसाळा सरता सरता पूर्वाला नवीन प्रोजेक्ट मिळाला. ऋषीला मिळाला नाही. एका शुक्रवारी त्याचं बोलावणं आलं. तिने त्याला गेटपर्यंत सोडलं, तेव्हा तो म्हणाला, "मी काकांकडे एकदा तरी बघायला हवं होतं." 

पप्पांनी शब्द पाळला. डॉक्टरकडे जायच्या दिवशी ते वेळेवर तयार झाले. डॉक्टर तरुण होते, मवाळ बोलणारे. त्यांनी आधी वार विचारला, महिना विचारला, आपण कुठल्या शहरात आहोत ते विचारलं. वार सोडून पप्पांनी बाकी बरोबर सांगितलं.

"आता काका, शंभरातून सात वजा करा. मग जे येईल त्यातून परत सात. असं करत खाली या."

पप्पांनी पूर्वाकडे पाहिलं.

"करा ना, पप्पा," पूर्वा म्हणाली. "तुम्हाला येतं."

त्यांनी चष्मा नीट बसवला आणि डॉक्टरांकडे पाहिलं. चुकण्याची भीती त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती.

"आमच्यात ती मोजते," ते म्हणाले. "तिला विचारा."

डॉक्टर हसले, त्यांना तो विनोद वाटला. त्यांनी पुन्हा सांगून पाहिलं, पेन पुढे केलं, कागद पुढे केला. पप्पा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. शेवटी डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि चंपाशी बोलायला लागले. गोळ्या, जेवण, बाहेर एकटं सोडू नका, हळूहळू वाढत जाईल.

पूर्वा बापाशेजारच्या खुर्चीवर बसली होती. तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो काढून घेतला नाही, आणि धरलाही नाही.